डोंगर उजव्या हाताला

शनिवार, दिनांक १७ मे १९९७ रोजी सकाळी, इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यातील हॅलिंगडीन नावाच्या लहानशा खेड्यात, चर्चसमोरच्या एका बाकावर आम्ही तिघे बसलो होतो: माझे वडील, कराडचे निवृत्त जिल्हा न्यायाधीश त्र्यंबक गोविंद रहाळकर, माझी थोरली बहीण डॉक्टर उज्ज्वला, जी त्या भागात वीस वर्षे राहत होती, आणि मी. वाद छत्रीचा चालला होता.

"छत्री मी बरोबर नेणार," अण्णा म्हणाले.

"अण्णा, वर बघा. एक तरी ढग आहे का?" ताई म्हणाली.

"या देशाच्या एकट्या आकाशाची साक्ष मी ग्राह्य धरत नाही. दुसरा पुरावा आण."

दुसरा पुरावा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला. बाकामागच्या घरात मिसेस पेलिंग नावाच्या बाई राहत. डोंगर फिरायला येणाऱ्यांसाठी त्या उन्हाळ्यात दाराशी एक टेबल मांडून चहा देत असत. पावसाचे चिन्ह नाही, असे त्यांनी शपथेवर सांगावे तसे सांगितले. शिवाय माथ्यावर वारा असा असतो की छत्री उलटी होऊन समुद्रात जाईल. ती माझ्याकडे ठेवा, परतताना घ्या, असेही त्या म्हणाल्या. अण्णांनी क्षणभर विचार केला आणि दोन्ही हातांनी, एखादा दस्त सुपूर्द करावा तशी, छत्री त्यांच्या स्वाधीन केली. काळी, बांबूच्या मुठीची ती छत्री मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. मूठ तडकल्यावर अण्णांनी स्वतः तिच्यावर सुतळी गुंडाळली होती, इतकी घट्ट आणि समान की ती विकतच तशी आणली असावी असे वाटे.

टेबलाखाली एक थोराड, तपकिरी कुत्रा पसरला होता. त्याचे नाव काय, असे अण्णांनी आपल्या कोर्टातल्या इंग्रजीत विचारले. बिशप, असे उत्तर आले.

"माझ्या कोर्टात बिशपलाही उठून उभं राहावं लागलं असतं," अण्णा बोट उंचावून म्हणाले. बाई मनापासून हसल्या. बिशप उठला नाही.

मी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. त्या दिवशी आम्ही नुसते फिरायला आलेलो नव्हतो, आणि हे आमच्यापैकी दोघांनाच ठाऊक होते.

आई गेल्यापासून अण्णा कराडला एकटेच राहत होते. सकाळी आगाशिवाचा डोंगर, दुपारी वाचन, संध्याकाळी संगमावरच्या बागेत मित्रांची बैठक, असा त्यांचा क्रम वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही अभंग होता; किंवा तो तसा आहे अशी माझी समजूत होती. आदल्या डिसेंबरात एके सकाळी दूध आणायला गेलेले अण्णा दुपारी परतले. पिशवी हातात होती, दूध नासले होते. शेजारच्या वैशंपायन वहिनींनी आम्हा दोघांना फोन केला. अण्णांना विचारता ते म्हणाले, "लांबवर फिरून आलो. त्याचीही परवानगी घ्यायची का?"

माझे म्हणणे, ते लांबवर फिरून आले. ताईचे म्हणणे, ते घर शोधत होते.

मी त्यांना महिनाभरासाठी ताईकडे घेऊन आलो होतो. मंगळवारची परतीची तिकिटे होती. दोन दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ताई म्हणाली, "मंगळवारी तू एकटा जा. खालची खोली मी त्यांच्यासाठी रिकामी केली आहे."

"आणि त्यांना काय सांगणार? की तुमच्या स्वातंत्र्याचा निकाल तुमच्या गैरहजेरीत लागला?"

"मुक्या, घरात तरी छापील बोलू नकोस."

लहानपणापासून ती मला मुक्या म्हणे, कारण मी कधी गप्प बसत नसे. त्या दिवशीही बसलो नाही. मी म्हणालो की फोनवरची ऐकीव हकीकत हा पुरावा नव्हे. ज्याच्याविषयी शंका आहे त्याला अनोळखी मुलखात न्यावे, नकाशा आणि वाटेची माहिती त्याच्या हाती द्यावी, आपण तोंड मिटून मागे चालावे, आणि तो आपल्याला पुन्हा निघाल्या ठिकाणी आणतो की नाही ते पाहावे. आणले, तर मंगळवारी ते माझ्याबरोबर येतील.

ताईने कणकेचा गोळा दाबला. "आणि नाही आणलं तर?"

"तर मी एकटा जाईन."

"तू तोंड मिटून चालशील?"

"चालेन."

"हे मला बघायचंच आहे," ती म्हणाली.

म्हणून मी जवळच्या खडूच्या डोंगरांतली एक वाट निवडली. फार अवघड नाही, अगदी सोपीही नाही. पायथ्याच्या खेड्यातून निघायचे, डोंगराला पूर्ण वेढा घालायचा आणि संध्याकाळच्या आत त्याच खेड्यात परतायचे. वाटेचे माहितीपत्रक ताईने ग्रंथालयातून आणले होते. ते मी चहा पिताना अण्णांच्या हाती दिले. "आज तुम्ही पुढे," असे शक्य तितक्या सहजपणे म्हणालो. त्यांनी चष्मा चढवला, पत्रक शेवटपर्यंत वाचले आणि भुवया आकसल्या.

"हे डोंगर डाव्या हाताला ठेवून फिरायला सांगतात."

"हो. का?"

"मला चालणार नाही."

"अण्णा, तुम्ही कधीपासून देवभोळे झालात?" ताईने विचारले.

"देवाचा काय संबंध? आगाशिवाला मी जन्मभर उजवा हात दिला. डाव्याने फिरतात ते स्मशानात. मी अजून जिवंत आहे, आणि डोंगरही बरा दिसतो आहे."

सगळी परीक्षा मी सुलट दिशेसाठी आखली होती. "पण अण्णा, सगळ्या सूचना उलट्या होतील. डावं ते उजवं, आधीचं ते नंतर..."

"तर उलट्या वाचू. खालच्या कोर्टाचा निकाल मी नेहमी शेवटापासूनच वाचत असे. वेळ वाचतो."

ताईने माझ्याकडे पाहिले. तोंड मिटण्याचा करार मी गावाची वेस ओलांडण्याआधीच मोडला होता.

निघालो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांनी लगडलेली काटेरी झुडपे, मग एक लाकडी फाटक, मग चढ. त्या मुलखातली पायवाट मी पहिल्यांदाच पाहत होतो. हिरवळ जिथे जिथे झिजली होती तिथे खालून डोंगर पांढराशुभ्र उघडा पडला होता. अण्णांनी वाकून एक तुकडा उचलला आणि फाटकाच्या खांबावर रेघ ओढली. रेघ उमटली.

"खडू," ते समाधानाने म्हणाले. "शाळेतला."

"शाळेतला बहुधा जिप्समचा असतो, अण्णा. हा सागरी जीवांच्या कवचांचा..."

"लिहितो ना? मग खडू."

मी पुढे बोलणार होतो. ताईने माझी बाही ओढली.

अण्णा चढत होते. काठीशिवाय, न थांबता, पाऊल तिरके टाकत, आगाशिवावर चढतात तसे. दर फाटकापाशी थांबून ते पत्रकावर बोट ठेवत, ओळ शेवटाकडून वाचत, आणि मोठ्याने फिरवून सांगत: "इथे म्हणतात की रानातून बाहेर पडून डावीकडे उतरा. म्हणजे आपण उजवीकडून चढून रानात शिरायचं." आणि समोर रान असे. त्यांचे बोट कागदावर चाले आणि माझी नजर त्यांच्या बोटावर. ते थांबले की माझा श्वास थांबे. ते चालू लागले की मी ताईकडे पाहत असे, आणि ती माझ्याकडे न पाहता त्यांच्या टाचांकडे पाहत असे. डॉक्टर म्हणून की मुलगी म्हणून, ते मला कळले नाही.

रानातला चढ उभा होता. ताई धापा टाकू लागली. अण्णा वरून ओरडले, "डॉक्टरीणबाई, नाडी कुणाची बघायची?"

"माझीच बघा," ती खालून म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

रान संपले आणि माथा लागला. वारा एकदम अंगावर आला. मिसेस पेलिंग यांची साक्ष खरी ठरली. दक्षिणेकडे, ओळीने उतरत गेलेल्या हिरव्या उतारांच्या पलीकडे, समुद्र घासलेल्या पितळेसारखा चमकत होता. डोक्यावर कुठेतरी चंडोल गात होता आणि दिसत नव्हता. मला त्यातले काहीच नीट पाहता आले नाही. मी मनातल्या मनात दोन बाजू लिहीत होतो. बाजूने: नकाशाचे वाचन निर्दोष. बाजूने: दम उत्तम. विरुद्ध: मघाशी 'पूर्व' म्हणताना क्षणभर घुटमळले. पण क्षणभर कोण घुटमळत नाही? मी स्वतः...

"तुम्ही दोघं भांडत का नाही?" अण्णांनी मागे न पाहता विचारले.

"काय?"

"सकाळपासून एकदाही भांडला नाहीत. लहानपणी कराडहून वाईला जायला तुम्हाला तीन भांडणं लागायची. आज काय झालंय?"

"हवा चांगली आहे, अण्णा," मी म्हणालो.

"हं." ते म्हणाले, आणि चालत राहिले.

इथे आमच्या घरातील एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे तिच्याशिवाय समजणार नाही. आम्हा भावंडांचे भांडण झाले की रात्रीच्या जेवणानंतर अण्णा आरामखुर्चीत बसत आणि म्हणत, "बाजू मांडा." एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. दोघांचे झाले की अण्णा एका वाक्यात निकाल देत. त्यावर त्या दिवशी अवाक्षर काढायचे नाही. कारणे हवी असल्यास दुसऱ्या दिवशी मागावीत. मी दर वेळी दुसऱ्या दिवशी कारणे मागत असे. ताईने कधी मागितली नाहीत. वाक्य कसे बांधावे, आधी काय ठेवावे आणि शेवटी काय, हे मी त्या आरामखुर्चीसमोर शिकलो होतो, आणि त्याच गद्याच्या बळावर पुढे नागपूरच्या महाविद्यालयात शिकवले. त्या माणसाची बुद्धी ढासळते आहे असे कोणी म्हटले की मला माझ्या पायाखालची फरशी कोणी उचलल्यासारखे वाटे.

दुपारी आम्ही एका तळ्यापाशी बसलो. डोंगरमाथ्यावर मेंढ्यांसाठी खणलेले, ताटासारखे गोल, उथळ तळे. पाण्याला ना झरा, ना ओढा. खडू पाणी धरत नाही म्हणून खाली चिकणमातीचा थर दिलेला. ताईने दशम्या आणि तिळाची चटणी काढली. अण्णांनी तीन दशम्या खाल्ल्या, चौथीवरून ताईशी घासाघीस केली आणि हरले.

"उद्या मला खडूच्या डोंगरावर नेऊन उपाशी मारलं अशी फिर्याद करीन," ते म्हणाले.

"करा. साक्षीदार माझ्या बाजूचे आहेत," ती मेंढ्यांकडे हात करून म्हणाली.

अडचण त्यानंतर आली. तळ्यापासून निघालो आणि पन्नास पावलांवर वाट दुभंगली. दोन्ही फाटे सारखेच रुंद, सारखेच पांढरे. एक वर कण्याकडे जाणारा, एक खाली एका कोरड्या दरीत उतरणारा. अण्णांनी पत्रक पाहिले. पुन्हा पाहिले. पानाची मागची बाजू पाहिली.

"या फाट्याविषयी यात काही नाही," ते म्हणाले.

मी पत्रक हातात मागितले. खरोखरच एक अक्षर नव्हते. वारा कागद फडफडवत होता. ताई दोन पावले मागे सरकून उभी राहिली, आणि तिचे ते सरकणे मला असह्य झाले. मला ओरडावेसे वाटले की हा पत्रक लिहिणाऱ्याचा दोष आहे, हा प्रश्न परीक्षेत धरता येणार नाही. अण्णा दोन्ही वाटांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांचा चेहरा रिकामा होता. किती वेळ गेला कोण जाणे. मला तो सबंध दिवसापेक्षा मोठा वाटला.

मग ते स्वतःशीच हसले.

"लिहिणारा तिकडून आला," ते म्हणाले. "तिकडून येणाऱ्याला इथे फाटा दिसतच नाही. दुसरी वाट त्याच्या पाठीमागून येऊन मिळते. त्याने मान वळवली नाही, म्हणून लिहिलं नाही. तो खोटं बोलत नाही. त्याला प्रश्नच पडला नाही."

"मग आता?" ताईने हळूच विचारले.

"आता त्यानेच दुसरीकडे काय म्हटलंय ते बघायचं." बोट कागदावर सरकले. "हे. 'पश्चिमेचं रान सोडल्यावर तळं येईपर्यंत समुद्र नाकासमोर ठेवा.' त्याच्या नाकासमोर, म्हणजे आपल्या पाठीशी." ते वळले, समुद्राकडे पाठ करून ताठ उभे राहिले आणि कण्याकडे जाणाऱ्या वाटेकडे हात केला. "ही."

आणि ती तीच होती. अर्ध्या तासात पश्चिमेचे रान समोर आले. मी अक्षरशः उड्या मारायचा बाकी होतो. अण्णा झुडपाआड गेले तेव्हा मी ताईला गाठले.

"बोल आता! हा युक्तिवाद तुझ्या इस्पितळातला एक तरी माणूस करेल का?"

"नाही करणार."

"मग?"

"मग काही नाही. तू जिंकलास असं दिसतंय." ती बुटाची नाडी बांधायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. "मला तुला हरवायचं नाहीये रे. भारतातून फोन आला की माझा हात उचलायला धजत नाही. एवढंच."

"आणि इथे त्यांना काय आहे? बंद खिडक्या आणि तुझ्या ड्यूटीच्या वेळा. तिथे आगाशिव आहे, संगम आहे, बैठक आहे..."

"बैठकीतले उरलेत किती?"

मी उत्तर देणार होतो. अण्णा परत आले.

उतार रानातून होता. उंच, गुळगुळीत खोडांच्या झाडांखाली उजेड हिरवा झाला होता. खडू तिथे ओला होता, पाय घसरत होते. अण्णांनी ताईचा हात धरला. तिला आधार देण्यासाठी, असे ते म्हणाले. रान संपले, शेताची कड लागली, मग एक अरुंद गल्ली, आणि पश्चिमेच्या बाजूने आम्ही गावात शिरलो. चर्चचा ठेंगणा बुरूज उन्हात पिवळा दिसत होता. वेढा पुरा झाला होता. मी ताईकडे पाहिले. तिने मान हलवली. ती हार मान्य करणारी मान होती, आणि मला तेव्हा तिची दया आली.

अण्णा चर्चसमोर थांबले. कपाळावर हात धरून त्यांनी बुरूज, भिंत, बाक, टेबल सगळे पाहिले.

"सुंदर गाव आहे," ते म्हणाले. "इथे चहा मिळेलसं दिसतंय. थोडं टेकू या. अजून किती चालायचंय?"

ते बाकावर बसले. मिसेस पेलिंग बाहेर आल्या, हसून म्हणाल्या की चांगलीच लवकर आलात, आणि आत चहा ठेवायला वळल्या. अण्णांनी त्यांना थांबवले. उठून उभे राहिले आणि आपण भारतातले एक निवृत्त न्यायाधीश आहोत, अशी अदबीने ओळख करून दिली. बाईंचे हसू जागच्या जागी थांबले. मग त्यांनी, आपणही प्रथमच भेटत असल्यासारखा, हात पुढे केला. मी त्या परक्या बाईंचा त्या एका कृतीसाठी अजूनही ऋणी आहे.

"आणि याचं नाव काय?" टेबलाखालच्या कुत्र्याकडे पाहून अण्णांनी विचारले.

"बिशप."

"माझ्या कोर्टात बिशपलाही उठून उभं राहावं लागलं असतं," अण्णा बोट उंचावून म्हणाले.

बाई हसल्या आणि लगबगीने आत गेल्या.

मी ताईला भिंतीशी ओढले. "दिशा उलटी होती," मी कुजबुजलो. "सकाळी हे गाव आपण पूर्वेकडे जाताना पाठमोरं सोडलं, आता पश्चिमेकडून आलोय. ऊन सकाळी समोरून होतं, आता मागून आहे. सगळं वेगळं दिसतं. मलाही क्षणभर..."

"मी काही म्हटलं का?"

"तुझा चेहरा म्हणतोय."

"तुझा नाही म्हणत?"

आम्ही परतून बसलो. चहा आला. ट्रेबरोबर बाईंच्या दंडावर अडकवलेली छत्री होती. त्यांनी ती अण्णांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुमची छत्री, साहेब. मी म्हटलं होतं ना, पाऊस येणार नाही."

अण्णांनी छत्री घेतली. मुठीवरच्या सुतळीवरून त्यांचा अंगठा वरून खाली गेला, शेवटच्या गाठीपाशी थांबला. ती गाठ त्यांची होती; तशी गाठ दुसरे कोणी मारत नाही. त्यांनी बाईंकडे पाहिले. टेबलाखाली पाहिले. चर्चच्या बुरुजाकडे पाहिले, बराच वेळ. मग खिशातून खडूचा तुकडा काढून टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी छत्री आडवी ठेवली, आणि चहा प्यायले. अगदी शेवटच्या घोटापर्यंत, सावकाश. मी त्यांना तसे चहा पिताना असंख्य वेळा पाहिले होते: कोर्टातून आल्यावर, दुसऱ्या दिवशी कोणाला काय सुनवायचे हे ठरलेले असताना.

कप बशीत ठेवून ते मागे टेकले.

"सकाळपासून दोघं साक्ष नोंदवताय," ते म्हणाले. "पुरे झालं. बाजू मांडा."

ताई म्हणाली, "अण्णा, आत्ता नको. घरी जाऊन..."

"आत्ताच. मुकुंदा, तू आधी. नेहमीसारखा."

मी उभा राहिलो. लहानपणी आम्ही उभे राहूनच बोलत असू. मी बोललो, आणि मला वाटते, इतके चांगले मी आधी किंवा नंतर कधी बोललो नाही. डिसेंबरची हकीकत ऐकीव आहे, हे मांडले. आजचा पुरावा प्रत्यक्ष आहे: परक्या देशातली वाट, परक्या भाषेतली सूचना, तीही उलटी करून वाचलेली, जिथे लिहिणाऱ्यालाही प्रश्न पडला नाही तिथे तर्काने सोडवलेला फाटा. एखादे ठिकाण उलट बाजूने येऊन ओळखू न येणे हा बुद्धीचा दोष नसून डोळ्यांचा स्वभाव आहे. प्रवाशाला पाठ दाखवून सोडलेले गाव तोंडावर येऊन भेटते तेव्हा ते नवेच असते. दिवसभराचे श्रम धरा, वय धरा, ऊन धरा. एका विस्मरणावरून माणसाचे घर काढून घेता येत नाही. घर म्हणजे नुसते छप्पर नव्हे. ज्याला चाळीस वर्षे प्रत्येक दुकानदार नावाने ओळखतो त्याला वाट चुकली तरी घर सापडते, आणि जिथे कोणीच ओळखत नाही तिथे न चुकताही तो हरवलेलाच असतो.

अण्णांनी डोळे मिटून ऐकले. मध्ये एकदा, फाट्याच्या मुद्द्यावर, त्यांचे ओठ किंचित हलले. चांगली मांडणी ऐकली की हलत तसे.

"उजू."

ताई उभी राहिली नाही. तिने हात लांब करून त्यांच्या मनगटावर ठेवला.

"अण्णा, सकाळी आपण याच बाकावर बसलो होतो," ती म्हणाली. "बस."

चर्चच्या आवारात कोणीतरी गवत कापत होते. तो आवाज थांबला. बिशप उठला, अंग ताणले, आणि अण्णांच्या बुटावर, खडूने पांढऱ्या झालेल्या, डोके टेकवून पुन्हा झोपला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिले. मग छत्री उचलून गुडघ्यांवर घेतली आणि माझ्याकडे वळले. त्यांची नजर स्वच्छ होती, खुर्चीवर असताना असे तितकीच. मी तीत काही धूसर शोधले, आणि मला सापडले नाही.

"मुकुंदा, तुझा युक्तिवाद निर्दोष आहे, आणि मी कराडला जाणार नाही."